दाढेचा ठणका थांबला, तरी रूट कॅनाल कशाला?

प्रश्न इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या एका घरचा आहे. आईंचं वय ६१. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ आधी थंड पाण्याने कळ द्यायची, मग रात्री कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला. औषधांच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या, ठणका गेला. आता त्या बाजूने चावलं की जरासं बोचतं, एवढंच. दंतवैद्य रूट कॅनाल (दाताच्या आतली नस काढून, नळ्या साफ करून भरणं) आणि कॅप (दातावर बसवायचं टोपण) सांगतात. घरात एक मत असं की दुखत नाही तर कशाला. दुसरं असं की नस काढली म्हणजे दात मेला, मग सरळ काढूनच टाका. आईंना मधुमेह आहे आणि ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू आहे.

आधी ठणका का थांबला ते बघू. दाताच्या पोटात एक पोकळी असते आणि तिथून मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्या उतरतात. त्यांत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती असतात. बोलताना आपण या सगळ्यालाच नस म्हणतो. कीड तिथवर पोचली की नस सुजते, पण भोवतीच्या भिंती कडक असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही. म्हणून दाब वाढतो, आणि आडवं झालं की अजून वाढतो. थंडाची कळ दोन-चार सेकंदांत विरली, तर नस सावरण्याची आशा असते. कीड काढून दाढ भरली की बहुधा भागतं. कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळते, काही खाल्लं-प्यायलं नसताना आपोआप उठते, चहाने भडकते आणि गार पाण्याची चूळ धरली की शांत होते, तेव्हा ती नस सहसा सावरत नाही. काही दिवसांत मरते. मेलेली नस दुखत नाही, आणि श्रेय गोळ्यांना मिळतं.

मेलेल्या नसेत रक्त जात नाही, म्हणून अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. आतले जंतू जागच्या जागी राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडाला त्रास देत राहतात. आईंना चावताना बोचतं ते त्यामुळेच. त्या जागी एक्स-रेत काळी सावली दिसते, पण हाड बऱ्यापैकी झिजल्यावरच. सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. पुढे कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट पू येतो, पुन्हा बसते. ती पुळीही दुखत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत बसतात.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ माणसाचा दात दुखतोय आणि दातावर लगेच उपचार होऊ शकतात, तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज पसरत चालली, तरच द्यावं. आपल्याकडे उलट चालतं. दुखण्याच्या गोळीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. आयबुप्रोफेन दातदुखीवर उत्तम, पण रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसासाठी नाही: वेळ चुकली तर ते ॲस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम अडवतं आणि पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतं. शिवाय जुन्या मधुमेहात मूत्रपिंडांचाही विचार करावा लागतो. आईंसाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, हे बरं. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारून. आणि ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवण्याचा घरगुती उपाय करू नका, हिरडी भाजते.

आता, काढून टाकावी का? काही दाढा खरोखर काढण्याच्याच असतात. दंतवैद्यांना तीन गोष्टी विचारा. कीड पूर्ण साफ केल्यावर हिरडीच्या वर निरोगी दाताची कड चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी उरेल का? मुळाला उभी तडा गेली आहे का? भोवतीचं हाड दाढेला पुरेसं धरून आहे का? पहिलं उत्तर नाही असेल तर कॅपला पकड मिळत नाही. मुळात तडा असेल तर रूट कॅनाल कितीही सुरेख केला तरी फुकट. हिरडीच्या खाचेत बारीक मोजपट्टी घालून सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी अचानक आठ-दहा भरली, तर तड्याचा संशय घ्यावा लागतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि उपचार सुरू व्हायच्या आधीच व्हायला हवी.

तिन्ही उत्तरं चांगली असतील तर दाढ ठेवावी, असं माझं स्पष्ट मत. पहिली मोठी दाढ चावण्याचा बराच भार घेते. ती गेली की मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते, फटींत घास अडकू लागतो. पुलासाठी (ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागतात. इम्प्लांटला (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सहसा काही महिने लागतात आणि खर्चही बराच. "मेलेला दात" हा शब्द तर दिशाभूल करतो. वाढ पूर्ण झालेल्या दाताला नसेवाचून चालतं, कारण त्याला हाडात धरून ठेवणारे तंतू बाहेरून पोसले जातात आणि ते जिवंतच राहतात. एक मात्र खरं: त्या दाताला थंड-गरम कळत नाही. पुढे तिथे नवी कीड लागली तर कळ येऊन इशारा मिळणार नाही.

ॲस्पिरिन बंद करू नका, रूट कॅनालसाठी तर नाहीच. मधुमेहासाठी उपाशीपोटी जाऊ नका. सकाळची वेळ घ्या, रोजची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीसारखं, पोहे-दूध काय असेल तो नाश्ता करून जा. साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत असू द्या. साखर फार वर असेल तर हाड भरायला वेळ लागतो आणि पू वाढण्याचा धोका असतो, म्हणून फिजिशियनचा सल्ला आधी. हृदयाची कृत्रिम झडप असेल, किंवा हाडं ठिसूळ झाल्याबद्दल झोलेड्रोनेटसारखं इंजेक्शन किंवा ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी चालू असेल, तर ते न विचारताही सांगा. पहिल्यात आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. दुसऱ्यात दाढ काढण्यापेक्षा रूट कॅनाल अधिक सुरक्षित, कारण काढल्यावर जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष कामाकडे येऊ. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला सुई देतात. औषध बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन आणि त्यात किंचित ॲड्रेनलिन. ओठ पाच मिनिटांत जड होतो, पण दाढ पूर्ण बधिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. नस सुजलेली आणि जिवंत असेल तर ओठ बधिर असूनही दाढ दुखू शकते. हा भुलीच्या औषधाचा किंवा डॉक्टरांच्या हाताचा दोष असेलच असं नाही, सुजलेल्या तंतूंवर औषध कमी चालतं. दाढेच्या भोवती किंवा थेट नसेत थोडं औषध देऊन ते जमवता येतं. सोसत बसू नका. डावा हात वर केला की थांबायचं, असं आधीच ठरवून घ्या. आईंच्या दाढेत नस मेली असावी, त्यामुळे हा त्रास कमीच होईल. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, खाऊ नका. गाल चावला जातो आणि कळतही नाही.

मग रबर डॅम. पातळ रबराचा चौकोनी पडदा, त्याला एक भोक, त्यातून फक्त ती दाढ वर येते. सगळ्या उपचाराबद्दल एकच प्रश्न विचारता येणार असेल तर हा विचारा: "रबर डॅम लावता का?" लाळेत लाखो जंतू असतात, ज्या नळ्या जंतुविरहित करायच्या त्यांत ती लाळ गळत राहिली तर काम वाया. डॅम असला की नळ्या धुण्याचं औषध घशात उतरत नाही, आणि नळ्या घासायची दोन-अडीच सेंटिमीटरची सुईसारखी बारीक फाइल निसटली तरी पोटात किंवा श्वासनळीत जात नाही. पाच मिनिटं वाचवायला तो टाळतात. नाकाने श्वास घ्यायला अवघड जात असेल तर आधी सांगा, त्यावर तोड आहे.

दाढेच्या वरून छिद्र पाडून कीड आणि जुनं भरलेलं सगळं काढतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन नळ्या असतात, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक. मागच्यात दोन निघाल्या तर चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी निम्म्याहून जास्त वेळा असते आणि ती शोधावी लागते, भिंगाखाली आणि चिकाटीने. सुटलेली नळी हे रूट कॅनाल फसण्याचं एक मोठं कारण आहे. किती नळ्या सापडल्या ते विचारून लिहून घ्या.

प्रत्येक नळीची लांबी मोजतात. ॲपेक्स लोकेटर नावाचं यंत्र ओठाच्या कोपऱ्यात एक हूक अडकवून फाइल टोकाजवळ आली की सांगतं, एक्स-रेने खात्री करतात. काम मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबायला हवं. फाइलवर २५ लिहिलं असेल तर तिचं टोक ०.२५ मिलिमीटर जाड. सुरुवात ८ किंवा १० नंबरच्या केसाएवढ्या फाइलने होते. पण मशीनची फाइल फिरली म्हणजे नळी साफ झाली, असं नाही. नळी गोल नसते, चपटी, वळणाची, फाटे फुटलेली असते आणि फाइल भिंतीचा मोठा भाग, सुमारे एक तृतीयांश, शिवतही नाही. खरी सफाई औषधी पाणी करतं: सोडियम हायपोक्लोराइट, साधारण अडीच ते सव्वापाच टक्के, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवर बसलेला भुगा विरघळवणारं औषध) साधारण मिनिटभर. क्लोरीनसारखा वास येतो तो याचाच. फक्त सलाइनने धुऊन उरकणाऱ्याकडे यंत्रं कितीही महाग असोत, पाया कच्चा. हायपोक्लोराइट जोर लावून दाबलं आणि टोकाबाहेर हाडात गेलं, तर भयंकर कळ येते आणि काही मिनिटांत गाल सुजून निळसर होतो. धुण्याच्या सुईचं छिद्र टोकाला नसून बाजूला असेल, हात हलका असेल, तर हे क्वचितच होतं.

एक बैठक की तीन? नस जिवंत असेल, नळ्या कोरड्या झाल्या असतील, तर एकाच बैठकीत संपवायला हरकत नाही. निकाल दोन्हीकडे जवळपास सारखेच. पू येत असेल, सूज असेल, जुना रूट कॅनाल पुन्हा करायचा असेल, किंवा तास-दीड तास तोंड उघडं ठेवणं झेपत नसेल, तर मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरून एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. आईंच्या बाबतीत दोन बैठका धरून चला. "एकाच सिटिंगमध्ये" ही पाटी बघून दवाखाना निवडू नका, आणि डॉक्टर तिसऱ्यांदा बोलावतात म्हणून संशयही घेऊ नका.

दोन बैठकींच्या मधला काळ नाजूक. वरचं तात्पुरतं सिमेंट साडेतीन-चार मिलिमीटर जाड असेल तर दोन-तीन आठवडे गळती रोखतं, त्यापुढे त्याचा भरवसा नाही. भरल्यावर तासभर तिथे काही चावू नका. त्या बाजूने कडक सेव, चिक्की, कणसं दातांनी सोलून खाणं बंद. थंडीच्या दिवसांत सराफा बाजारातला गराडूही (तळलेला कंद) दुसऱ्या बाजूने. वरचा थर थोडा झिजला तर चालतं, पण खड्डा जाणवला किंवा तुकडा निघाला तर त्याच दिवशी फोन करा. ठणका नाही म्हणून दुसरी बैठक दोन महिने लांबवणं हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आहे, आणि तोवर आतली सगळी सफाई लाळेने धुऊन नेलेली असते.

शेवटी नळ्या गटापर्चाने भरतात. हा झाडाच्या चिकापासून होणारा, रबरासारखा पदार्थ. सोबत फटी बुजवणारा पातळ सीलर. मग एक्स-रे. तो मोबाइलवर मागून घ्या आणि स्वतः बघा: प्रत्येक मुळात पांढरी रेघ टोकाच्या दोन मिलिमीटरच्या आत पोचलेली, मध्ये काळ्या फटी नाहीत, टोकाबाहेर लांब शेपटी नाही. एक्स-रेची भीती असेल तर हिशोब असा: एका छोट्या एक्स-रेचा डोस सुमारे ५ मायक्रोसिव्हर्ट, आणि निसर्गातून आपल्याला रोज मिळणारा साधारण ६ ते ७.

नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं सामान्य. तोंड मिटल्यावर तीच दाढ आधी टेकत असेल तर ती उंच राहिली आहे. जाऊन घासून घ्या, पाच मिनिटांचं काम, आणि त्याने आठवड्याचं दुखणं वाचतं. गाल सुजू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याची वेळ बघत बसू नका; इंदूरच्या एम.वाय. (महाराजा यशवंतराव) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात तडक जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

कॅपचा प्रश्न घरात पैशांमुळे अडतो, म्हणून जरा सविस्तर. पोखरलेल्या दाढेचे कंगोरे चावताना एकमेकांपासून फाकतात आणि एक दिवस दाढ उभी चिरते. चीर मुळात गेली की काढण्यावाचून उपाय नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांच्या सहा पट वेगाने गेले. १९९५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मुळाच्या टोकाचं आरोग्य आतल्या भरण्यापेक्षा वरच्या झाकणाच्या दर्जावर जास्त अवलंबून दिसलं. खर्च कमी करायचाच असेल तर झिरकोनियाऐवजी (दाताच्या रंगाचं कठीण सिरॅमिक) धातूची किंवा धातूवर पोर्सेलिनची कॅप घ्या. मागच्या दाढेला रंगाची फिकीर कशाला? धातूच्या कॅपला दात कमी घासावा लागतो, हाही फायदाच. "पंधरा वर्षांची वॉरंटी" लिहिलेलं कार्ड मिळतं ते कॅपच्या पदार्थाचं असतं, खालच्या दाढेचं नव्हे. दुखणं बसलं की दोन ते चार आठवड्यांत कॅप बसवून टाका. समोरच्या दाताचं छिद्र लहान असेल तर मात्र नुसतं चांगलं भरूनही चालतं. तिथे कॅपचा आग्रह होत असेल तर कारण विचारा.

पैसे ठरवताना रूट कॅनाल, वरचा कोअर (कॅपखालचं पक्कं भरण), कॅप आणि एक्स-रे असे चार आकडे वेगळे लिहून घ्या. "रूट कॅनाल स्वस्त" म्हणणाऱ्याकडे बाकीचे तीन अनेकदा नंतर उगवतात. हात अगदीच आखडता असेल तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम खूप कमी खर्चात होतं. फेऱ्या जास्त पडतील आणि रांग धरावी लागेल, एवढं गृहीत धरा.

कधी फाइलचा तुकडा नळीत मोडतो. वळणाच्या नळीत, बारीक फाइलने, चांगल्या हातूनही होतं. तो तुकडा विषारी नाही आणि आपोआप दाढ बाद होत नाही. नळी आधी बरीच साफ झालेली असेल तर तसाच ठेवून भरता येते, पू असलेल्या दाढेत सुरुवातीलाच मोडला तर काढण्याचा किंवा वळसा घालण्याचा प्रयत्न करावा लागतो, त्यासाठी एन्डोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) सूक्ष्मदर्शक असतो. तुम्हाला ते सांगितलं आणि कागदावर लिहिलं, एवढी अपेक्षा रास्त आहे. रूट कॅनाल केलेल्या दातांमुळे भलभलते आजार होतात असे मेसेज फिरतात, त्यांचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या, नंतर न टिकलेल्या प्रयोगांत आहे. पुढे पाठवू नका.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढा, दुखत नसलं तरी. मुळाच्या टोकाची काळी सावली लहान होत असेल तर हात लावू नका. हाड पूर्ण भरायला चार वर्षंही लागू शकतात, मधुमेहात जरा जास्तच धीर धरावा लागतो. सावली वाढली किंवा पुळी परत आली, तर पुन्हा नळ्या उघडून साफ करता येतात, आणि त्या वेळी पहिल्या बैठकीचे एक्स-रे, नळ्यांची संख्या आणि लांबी लिहिलेला कागद फार कामाला येतो.